दौलतला कांदा चालत नाही

आमचं कुत्रं शेजारी जेवायला जातं ही गोष्ट माणसानं किती मनाला लावून घ्यावी याला काही सुमार असतो, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. असेल. पण तो सुमार हिनं आधी सांगितला असता, तर चंपाषष्ठीला भर वस्तीत माझ्यावर जी वेळ आली ती आली नसती.

कुत्र्याचं नाव दौलत. पिल्लू असताना त्याला पिशवीतून आणणारा मी, नाव ठेवणारा मी, सुई टोचताना त्याचं तोंड धरणारा मी आणि त्यात अंगठा चावून घेणाराही मीच. पाटबंधारे खात्यातून मी कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीत होतो तेव्हा पाण्याची पाळी जवळ आली की माझ्या ओट्यावर माणसांना बसायला जागा पुरायची नाही. आता तिथे एकटा दौलत बसतो. तोही दुपारपर्यंतच.

दुपारी मी जेवायला बसलो की हा उठतो. पुढचे पाय ताणून आळस देतो, माझ्या ताटाकडे एकदा बघतो आणि ऑफिस सुटताना कारकून घड्याळाकडे बघून उठतो तसा फाटकातून बाहेर पडतो. पिंपरी पेंढारच्या रस्त्याला आमची सात-आठ घरांची वस्ती. आमच्या घराला लागून वजीरभाईंचं वेल्डिंगचं दुकान आणि दुकानामागे त्यांचं घर. दौलत थेट तिथे जातो. वजीरभाईंच्या पत्नी रहिमाबी त्याला नावानं हाकसुद्धा मारत नाहीत, नुसतं 'ये रे' म्हणतात. मी त्याला पूर्ण नावानं, प्रेमळ सुरात, पुन्हा पुन्हा हाक मारतो, तेव्हा तो फार तर एक कान हलवतो.

संध्याकाळी तो परत येतो तो तृप्त होऊन. त्याच्या तोंडाला रश्श्याचा वास येतो. हे मला कसं माहीत, तर मी त्याचं तोंड हुंगायचो. एकदा मी असा ओट्यावर बसून, त्याचा जबडा दोन्ही हातांत धरून हुंगत असताना ही बाहेर आली. थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कुठून आले, काय खाऊन आले, असं कधी विचारलं नाहीत." मी म्हटलं, तू कधी शेजारी जेवायला गेली नाहीस. यावर ती आत गेली.

बरं, दौलतच्या गळ्यातला पट्टाही वजीरभाईंचाच. आमच्याकडे उसात बिबटे. वस्तीवरची कुत्री एकेक करून त्यांनी नेली. कुशाबाचं नेलं, अंबाबाईंचं नेलं, पलीकडच्या गेणूचं तर नवं आणलेलं पहिल्याच आठवड्यात नेलं. तेव्हा वजीरभाईंनी दौलतला बाहेरून खिळे असलेला लोखंडी पट्टा करून दिला, म्हणजे बिबट्यानं मान धरली तर त्याच्याच तोंडात खिळे जातील. आज आमच्या वस्तीत दौलत हे एकच कुत्रं शिल्लक आहे आणि ते त्या पट्ट्यामुळे आहे, हे मी मान्य करतो. मान्य करताना मला त्रास होतो, पण करतो. मी पुण्याहून मऊ लाल पट्टा मागवला होता. दौलतनं तो खाल्ला.

अशात आमच्या आरतीनं, म्हणजे पुण्याच्या लेकीनं, फोनवर एक माहिती पाठवली. माणसं जे सर्रास खातात त्यातलं काय काय कुत्र्याला विष ठरतं ते त्यात होतं. द्राक्षं आणि मनुका, त्यानं मूत्रपिंड जातं. चॉकलेट, चहा, कॉफी, ते हृदयाला. साखर नसलेलं च्युइंगम. आणि कांदा-लसूण, कच्चा असो की शिजवलेला, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि लगेच कळतही नाही, चार-सहा दिवसांनी कुत्रं मलूल पडतं.

वाचून मी हादरलो. पण खरं सांगायचं तर हादरण्याच्या आधी एक क्षण मला अतिशय आनंद झाला. रहिमाबींच्या रश्श्यात कांदा-लसूण नसणार असं होणं शक्य नाही. म्हणजे ज्या घरच्या जेवणावर हा लट्टू झाला होता तेच जेवण त्याला बाधणार, असं शास्त्र सांगत होतं. शास्त्राबद्दल मला इतका आदर कधी वाटला नव्हता.

आता सरळ वजीरभाईंकडे जाऊन सांगावं, तर ते मला पटेना. ज्याच्याकडे आपलं कुत्रं जातं त्याच्याकडे आपणही जायचं म्हणजे काय राहिलं? शिवाय खात्यात आयुष्य गेलं, तोंडी सूचनेला किंमत नसते हे मला ठाऊक. मी आळेफाट्याला गेलो आणि फ्लेक्स छापायला टाकला.

मजकूर मी स्वतः लिहिला होता. "जाहीर सूचना. आमचा कुत्रा दौलत यास कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट व चहा देऊ नये. हे पदार्थ कुत्र्यास विषारी आहेत." खाली माझं नाव आणि माजी हुद्दा. ओळख पटावी म्हणून दौलतचा फोटो दिला. फ्लेक्सवाल्यानं तो फोटो, त्याच्या हाताच्या सवयीप्रमाणे, मधोमध घेतला, भोवती झेंडूच्या फुलांची चौकट टाकली, डोक्यामागे पिवळं वलय काढलं आणि वर मोठ्या अक्षरांत 'आमचा लाडका दौलत' असं आपल्या पदरचं घातलं. सूचना राहिली खाली, बारीक अक्षरात.

फ्लेक्स उभा करायला लोखंडी चौकट लागते. चौकट करणारा वस्तीत एकच. वजीरभाईंनी ती अर्ध्या दिवसात करून दिली, स्वतः खड्डा खणून रोवली, वर म्हणाले, "वाऱ्यानं हलायची न्हाई साहेब." आणि मी लांब उभा राहून बघतो तो फ्लेक्सच्या तळाला ओळ: 'सौजन्य: वजीर फॅब्रिकेशन'. फ्लेक्सवाला म्हणाला, चौकट कोण करणार विचारलं तेव्हा तुम्हीच नाव सांगितलंत, आम्ही सौजन्य नेहमी टाकतो, त्याचं वेगळं काही घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा आला. कुशाबा कांदा पिकवतो आणि सल्ला देतो. आल्या आल्या डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"कवा झालं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"काय?"

"लई गुणाचं व्हतं. बिबट्यानं का?"

मी दौलतकडे बोट दाखवलं. तो कुशाबाच्याच पायाशी बसून पायताण चाटत होता. कुशाबा जरा ओशाळला, पण आलेला माणूस रिकामा कसा जाईल? तो उठून फ्लेक्सपाशी गेला आणि सगळा मजकूर वाचून आला.

"कांदा इखारी?" तो म्हणाला. "माझं कुत्रं जलमभर कांद्याच्या चाळीत वाढलं, कांदा-भाकर खाऊन म्हातारं झालं. कांद्यानं न्हाई मेलं. बिबट्यानं खाल्लं. मंग बोर्डावर बिबट्या लिवा."

दिवसभर माणसं येत राहिली. मोटारसायकलवरून जाताना फुलांच्या चौकटीतला फोटो दिसायचा, बारीक अक्षरं दिसायची नाहीत. माझ्याबरोबर नोकरीला असलेला एक जण खोडदहून खोबऱ्याची वाटी आणि चहाची पुडी घेऊन आला. त्याला तसंच परत पाठवणं बरं दिसेना, म्हणून हिनं त्याचाच चहा त्याला करून पाजला. मेलेल्या कुत्र्याला भेटायला माणसं येतात आणि जिवंत निरीक्षकाकडे कोणी फिरकत नाही, हा विचार माझ्या मनात आला, आणि त्या दिवशी मला दौलतचाही थोडा हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा शिपाई बोलवायला आला. विनापरवाना फ्लेक्स. तिथल्या कारकुनाचं म्हणणं, फ्लेक्स तीनच प्रकारचे असतात: वाढदिवस, अभिनंदन आणि श्रद्धांजली. सूचना काढायचा अधिकार फक्त ग्रामपंचायतीला. मी त्याला कालवा कायद्यातली दोन कलमं ऐकवली. तो म्हणाला, साहेब, कुत्रं कालव्यात पडलं तर ती लागू होतील. शेवटी माझा फ्लेक्स वाढदिवसात बसवला. म्हणजे सरकारदप्तरी पाहिलं तर आमच्या वस्तीत अजूनही दौलतचा वाढदिवस चालू आहे.

हे सगळं सोसलं असतं. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या वजीरभाईंनी काय करावं? ते एक दिवस हात पुसत फ्लेक्सपुढे येऊन उभे राहिले, सगळं सावकाश वाचलं. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. आता यांना राग येईल, हे चार शब्द बोलतील, मी चार बोलेन, संबंध तुटतील आणि दौलत घरी जेवेल, असा माझा हिशेब होता. वजीरभाई फाटकाशी आले.

"साहेब, बरं झालं लिवलंत," ते म्हणाले. "आमाला ठावंच नव्हतं. घरात सांगितलं म्या. आजपासनं त्याचं वेगळं."

त्या दिवसापासून रहिमाबींनी दौलतसाठी वेगळं पातेलं काढलं. त्यात बिनकांद्याचा, बिनलसणीचा, बिनतिखटाचा रस्सा आणि भात. म्हणजे पूर्वी हा तिथे उरलंसुरलं खायचा, आता त्याच्यासाठी मुद्दाम शिजू लागलं. पूर्वी तो दुपारी जेवून पडायचा, आता सकाळीच चूल पेटल्याचा वास आला की निघायचा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मीही मग मागे हटलो नाही. स्वतः स्वयंपाकघरात उभा राहून त्याच्यासाठी भात-अंडी शिजवली. आमच्या घरात मी पूर्वी कधी गॅस पेटवलेला नव्हता. ही दारात हाताची घडी घालून उभी. दौलतनं सगळं चाटूनपुसून खाल्लं, मिशा साफ केल्या, आणि नाश्ता आटोपून माणूस कामावर जातो तसा वजीरभाईंकडे गेला. मी सरळ पंखा लावून आडवा झालो. तुमच्यापैकी ज्यांची कुत्री घरी जेवतात त्यांना हे दुःख कळायचं नाही.

अशा मनःस्थितीत चंपाषष्ठी आली.

आमच्या वस्तीतल्या बहुतेक घरांचा कुलस्वामी खंडोबा. आषाढापासून जी घरं कांदा-लसूण आणि वांगं सोडतात, ती चंपाषष्ठीला सोडलेलं पुन्हा धरतात. त्या दिवशी नैवेद्य असतो वांग्याच्या भरताचा आणि बाजरीच्या रोडग्याचा. आणि इतक्या महिन्यांचा वनवास संपत असल्यामुळे त्या भरतात पातीचा कांदा आणि लसूण किती पडतो ते विचारू नका. आणि हा नैवेद्य देवाला दाखवला की पहिला घास कुत्र्याला. कुत्रं हे खंडोबाचं. त्यानं तोंड लावल्याशिवाय घरात कोणी पानावर बसत नाही.

तर वस्तीत घरं सात-आठ. प्रत्येक घरचं भरीत. आणि बिबट्यांच्या कृपेनं कुत्रं एकच.

हे माझ्या ध्यानात आलं आदल्या दिवशी, जेव्हा अंबाबाई आल्या. अंबाबाई वस्तीत सगळ्यांत वडील. तळी त्यांच्याच ओट्यावर उचलली जाते आणि धर्माच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

"उंद्या कुत्रं बांधून ठेव बाबा," त्या म्हणाल्या. "कुटं हिंडाया सोडू नको. समद्यांचं त्याच्यावरच हाय."

मी त्यांना फ्लेक्स दाखवला. अंबाबाईंना वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"देवाचा निवद इख असतो व्हय?" त्या म्हणाल्या.

हो म्हणावं तर वस्तीतून उठावं लागेल, नाही म्हणावं तर फ्लेक्स खोटा. शिवाय मला आतून एक टोचणी लागली होती. रहिमाबींचा कांदा विष आणि आपल्या भरतातला कांदा प्रसाद, असं म्हणणारा माणूस कोण असतो ते मला कळत होतं. मी जेव्हा शास्त्र हातात घेतलं तेव्हा ते शेजाऱ्याला मारायला घेतलं होतं. ते आता आपल्याच घरात शिरलं.

मी हिला म्हटलं, आपलं तरी भरीत बिनकांद्याचं कर. ही म्हणाली, "आषाढापासून मी कांद्याशिवाय जेवतेय. उद्याही नको म्हणालात, तर फ्लेक्सवर माझाही फोटो लावा." आणि एका घरानं टाळून उपयोग काय? उरलेली घरं होतीच. एकेक घास म्हटलं तरी एका कुत्र्याच्या पोटात घरोघरीचा कांदा गोळा होणार होता.

तसाच उठून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका म्हशीच्या मागे खांद्यापर्यंत गुंतले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "काय खाल्लं कुत्र्यानं?"

"अजून काही नाही. उद्या खाणार आहे."

"मग परवा या."

मी म्हटलं, मला दाखला पाहिजे, या कुत्र्याला कांदा-लसूण चालत नाही असा, सही-शिक्क्यानिशी, वस्तीत दाखवायला. डॉक्टर म्हणाले, शर्यतीच्या बैलाचा दाखला देतो, बिबट्यानं मारलेल्या शेळीचा देतो, कांदा न खाणाऱ्या कुत्र्याचा दाखला अजून निघालेला नाही. पण माहिती बरोबर आहे म्हणाले. काही कुत्री पचवतात, काही मरतात. आपलं कोणत्यातलं, हे मात्र खाल्ल्यावरच कळतं.

घरी येताना मी दौलतचा विचार करत होतो. खरं म्हणजे त्याच्या मरण्याचा. अंगणात तो नाही, ओट्यावर तो नाही, दुपारी फाटक वाजत नाही. त्याच्या जाण्याचा मला इतका राग यायचा, पण जायला तरी तो असायला हवा होता. मला एकदम भडभडून आलं, आणि ते आलं हे मी लपवत नाही.

कुत्रं लपवायचं ठरवलं. पण कुठे? आमच्या घरी लपवलं तर अंबाबाई आत येऊन काढतील. बाहेर सोडलं तर एखादा घराबाहेर गाठून घास भरवेल, नाहीतर बिबट्या. सबंध वस्तीत उद्या भरीत न होणारं, कुत्र्याला घास न भरवणारं घर कोणतं, हे मी मनातल्या मनात एकेक घर धरून मोजत गेलो, आणि ज्या घरापाशी थांबलो ते कोणतं हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माझ्याही लगेच आलं होतं. मी उगाच तीनदा मोजलं.

चंपाषष्ठीला उजाडता उजाडता मी दौलतला घेऊन मागच्या बाजूनं वजीरभाईंच्या दारात उभा राहिलो. त्या दाराला त्यांनी नुकताच निळा रंग दिला होता. नातवंडं नारायणगावाहून यायची होती म्हणून. मी सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या दारात आपलं कुत्रं सांभाळायला द्यायचं, आणि तेही ज्या दारात ते न सांगता जातं त्या दारात, याला धीर लागतो.

"ठिवा की," वजीरभाई म्हणाले. "त्याचंच घर हाय."

हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला की सहज, यावर मी पुढे बरेच दिवस विचार केला.

"दार लावून घ्या," मी म्हटलं. "तळी आणि नैवेद्य होईपर्यंत सोडू नका. आणि एक विनंती आहे. फार लाड करू नका."

रहिमाबी आतून हसल्या. दौलत तर माझ्याकडे न बघताच आत गेला होता.

दुपारी अंबाबाईंच्या ओट्यावर सगळे जमले. ताम्हणात नारळ, सुपारी, भंडारा. पुरुषांनी तळी उचलली, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला, सगळ्यांची कपाळं पिवळी झाली. ओट्याखाली घरोघरच्या पितळ्या ओळीनं मांडलेल्या. भरताचा वास असा सुटला होता की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

"आन आता कुत्रं," अंबाबाई म्हणाल्या.

"खोडदला गेलाय," मी म्हटलं.

"कोण?"

"दौलत. पाहुण्यांकडे."

कुत्रं पाहुण्यांकडे गेलंय, हे वाक्य मी रात्रभर घोकलं होतं आणि तेव्हा ते बरं वाटलं होतं. कुशाबानं माझ्याकडे बघून मान हलवली. पितळ्या तशाच. उपाशी पोरं पितळ्यांकडे बघतायत, बायका माझ्याकडे बघतायत. आणि ही आभाळाकडे बघतेय.

अंबाबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "कुत्रं नसंल तर वाघ्या चालतो. वाघ्या म्हंजे देवाचं कुत्रंच. पूर्वी वाघे भुकायचे, बिनहाताचं खायाचे, म्या डोळ्यांनी पाह्यलंय."

"वाघ्या आता कुटनं आणायचा?" कुशाबा म्हणाला.

"आणायचा कशाला? ज्याचं कुत्रं न्हाई, त्यानं व्हावं."

मी म्हटलं, अंबाबाई, मी माजी कालवा निरीक्षक आहे. त्या म्हणाल्या, "देवापुढं कसला आलाय निरीक्षक?" हिनं माझ्या हातातला चष्मा काढून घेतला. मला वाटलं ही मध्ये पडेल. पण ती म्हणाली, "फुटेल म्हणून."

मी गुडघे टेकले. ज्या माणसांचं पाणी मी एके काळी अडवलं होतं ती माणसं गोल करून उभी होती. मी हळूच म्हटलं, भू.

"देवाला ऐकू गेलं पायजे," अंबाबाई म्हणाल्या.

मग मी भुंकलो. एकदा भुंकायचं ठरलं की अर्धवट भुंकण्यात जास्त लाज असते, हे मला तिथे कळलं. मी छाती भरून, मान वर करून भुंकलो.

आणि वजीरभाईंच्या घरातून उत्तर आलं.

आधी एक भुंकणं, मग दुसरं, मग दारावर नखांचा असा आवाज की कोणी फावड्यानं पत्रा खरवडतंय. सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या.

"खोडदचं लई जवळ ऐकू येतंय राव," कुशाबा म्हणाला.

तेवढ्यात धक्क्यांनी वजीरभाईंच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला आणि दौलत सुटला. तो एवढा धावतो हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे येताना तो कधी धावलेलाच नव्हता. गर्दीतून घुसला, माझ्यापाशी आला, आणि माझ्यापुढे ओळीनं मांडलेल्या पितळ्या त्याला दिसल्या.

"आलं बघा, देवाचं कुत्रं आलं," अंबाबाईंनी हात जोडले. "खाऊ द्या त्याला."

पुढचं मी विचार करून केलेलं नाही. दौलतचं तोंड पहिल्या पितळीत पडायच्या आत माझं पडलं. त्यानं दुसरी धरली, मी त्याला खांद्यानं ढकलून दुसरीत तोंड घातलं. हात वापरायचे नव्हते, आणि तसेही दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती होते, म्हणजे वजीरभाईंच्या त्या खिळ्यांच्या पट्ट्याभोवती. खिळे माझ्या दंडात, भरीत माझ्या नाकात, कांद्याची पात दातांत, दौलत माझ्या कानात गुरगुरतोय आणि मी एकेका घरचा नैवेद्य चघळायला न थांबता गिळतोय. कोणाच्या भरतात मीठ जास्त होतं, कोणाचा रोडगा कच्चा होता, मला आजही सांगता येईल. शेवटची पितळी आमची. तीत हिनं लसूण दोन्ही मुठींनी घातला होता. तीही चाटून पुसली, आणि दौलत माझ्या मिशांना लागलेलं चाटायला आला तेव्हा धोतरानं तोंड झाकून घेतलं.

मी मान वर केली तेव्हा सगळी वस्ती हात जोडून उभी होती.

"असा वाघ्या म्या उभ्या जल्मात पाह्यला न्हाई," अंबाबाई म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर भंडारा टाकला. मग दौलतच्याही टाकला. पोरांना कोणीतरी जेवायला बसवलं. म्हातारा गेणू चक्क माझ्या पाया पडला. नोकरीत असताना तो कधी पडला नव्हता.

संध्याकाळी मी ओट्यावर पडून होतो. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. वजीरभाई आले. ते बसले नाहीत.

"साहेब, दार बघायला चला," ते म्हणाले.

गेलो. निळा रंग खालच्या बाजूनं पार निघाला होता, आतलं लाकूड दिसत होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण वजीरभाई दाराकडे बघत नव्हते, दौलतकडे बघत होते.

"सकाळधरनं जेवलं न्हाई ते," ते म्हणाले. "तुमी गेल्यावर दाराशी बसलं ते बसलंच. घरच्यांनी त्याचं पातेलं पुढं ठिवलं, हात फिरवला, काय काय केलं. ढुंकून बघितलं न्हाई. आन तुमी भुकला, तवा तर येडंच झालं." मग म्हणाले, "इतकी वर्सं येतंय आमच्यात. आमच्यासाठी न्हाई असं दार खरवडलं कदी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. रोज दुपारी मी आरशात ते पाहत आलो होतो. माणुसकी म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी खाली वाकून त्या ओरखड्यांवरून हात फिरवला आणि मला इतकं बरं वाटलं की पोटाचं दुखणं थांबलं.

"रंग देऊ नका," मी म्हटलं. "राहू द्या असंच."

"दार माजं हाय साहेब," वजीरभाई म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी रंगाचा डबा आणला.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. त्यानं जेवण सोडलं ते सांगितलं, दार खरवडलं ते दोनदा सांगितलं. ही ताटं घासत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तुमच्यासाठी कशाला खरवडेल? तुम्ही भुंकलात. आपल्या दारात दुसरं कुत्रं आणलं असं वाटलं त्याला."

दौलत माझ्या पायांवर हनुवटी टेकून झोपला होता. बायकोला असं काही सहन होत नाही, हे मी समजू शकतो.